फोल्डरमधले रामायण : संगीतसंग्रहाच्या पसाऱ्याची पार्श्वभूमी

पुण्यातल्या कितीतरी घरांत कॅसेटी माळ्यावर गेल्या आणि गाणी हार्ड डिस्कवर आली. पण ती डिस्क उघडली की ‘ट्रॅक ०१’ नावाच्या फायलींची रांग, एकाच गायकाच्या नावाची चार रोमन स्पेलिंगे आणि मध्येच तुटलेली शीर्षके दिसतात. दोष सहसा संग्राहकाच्या आळसाला दिला जातो, आणि तो अगदीच खोटा नाही. परंतु गाण्याला नाव चिकटवण्याची सोय मुळात कोणत्या संगीतासाठी घडली, हे पाहिल्यावर त्या दोषाचा भार बराच हलका होतो.

१९०२ साली कोलकात्यात ध्वनिमुद्रण झाले तेव्हा गायिका गौहर जान गाण्याच्या अखेरीस स्वतःचे नाव उच्चारीत, कारण तबकड्या जर्मनीतल्या हॅनोवरला तयार होत आणि तिथल्या कारागिरांना आवाज कोणाचा हे कळायला हवे असे. पुढे तबकडीवर कागदी लेबल आले, कॅसेटला वेष्टन आले. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीवर मात्र सुरुवातीला गाण्यांची नावे नोंदवलेलीच नसत. संगणकाला दिसत ते केवळ ट्रॅकचे क्रमांक आणि त्यांच्या वेळा. त्या वेळांवरून सीडी ओळखून नावे पुरवणारा ‘सीडीडीबी’ हा साठा १९९३ मध्ये सुरू झाला, पण त्यातली नावे वापरणाऱ्यांनीच टंकलेली होती. ज्या मराठी सीडीची नोंद कोणी केली नव्हती, तिच्या वाट्याला ‘ट्रॅक ०१’ आले.

एमपी३ फायलीतही नावासाठी जागा नव्हती. १९९६ मध्ये एरिक केम्प यांनी फायलीच्या शेवटी १२८ बाइटांचा ‘आयडी३’ टॅग, म्हणजे गाण्याची माहिती देणारी चिठ्ठी, जोडण्याची युक्ती काढली (नाव शेवटीच, गौहर जान यांच्याप्रमाणे). शीर्षक, कलाकार आणि अल्बम यांना प्रत्येकी ३० बाइट (म्हणजे जेमतेम ३० रोमन अक्षरे), आणि संगीतप्रकारासाठी ठरावीक ८० नावांची यादी. त्या यादीत नाट्यसंगीत, भावगीत, अभंग यांपैकी काहीही नव्हते. आपले गाणे ‘एथनिक’ या खणात जाई.

या चौकटीत काय होते, हे पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून प्रसारित झालेल्या ‘गीतरामायणा’वरून चांगले कळते. संगीत सुधीर फडके यांचे, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, आणि प्रसारणात गायकगायिका अनेक. पण खण एकट्या ‘कलाकारा’चा, त्यामुळे गीतकाराला जागाच उरत नाही. टॅगच्या पहिल्या आवृत्तीत ट्रॅकक्रमांकही नव्हता. रोमन शीर्षकांनुसार ५६ गीते लावली, तर शेवटचे ‘गा बाळांनो, श्रीरामायण’ हे ‘जी’खाली आणि पहिले ‘स्वये श्रीरामप्रभु ऐकती’ हे ‘एस’खाली पडते, म्हणजे उपसंहार आधी आणि आरंभ नंतर.

१९९७ मध्ये टॅगमधल्या टिप्पणीच्या जागेतले दोन बाइट काढून तिथे क्रमांक बसवण्यात आला. १९९८ मध्ये आलेल्या आयडी३च्या दुसऱ्या पिढीने टॅग फायलीच्या आरंभी नेला, लांबीची अडचण सोडवली, गीतकार व संगीतकारांना स्वतंत्र खण दिले आणि अनेक लिप्या सामावणाऱ्या युनिकोड या संकेतपद्धतीमुळे देवनागरीलाही वाट करून दिली. रागासाठी ठरलेला खण तिच्यातही नाही. तो स्वतःच निर्माण करावा लागतो. शिवाय जुना टॅग गेला नाही: कित्येक फायलींत दोन्ही टॅग एकत्र नांदतात, त्यामुळे एकाच टॅगमध्ये दुरुस्ती केली, तर दुसरा टॅग वाचणाऱ्या प्लेयरवर जुनेच नाव पुन्हा उगवते.