कार्बन म्हणजे नुसती काळी पूड नव्हे

मुंबईतल्या रसायनशास्त्राच्या वर्गांत एक समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय: उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न संपता अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, म्हटला की पॅलेडियम, प्लॅटिनमसारखा महागडा धातू हवाच. कार्बन फक्त त्याला आधार देणार, आणि उजेडात ठेवला तर तापणार. हे खरं नाही. नव्या मुलांनी तरी हे ओझं वाहू नये, असं मला मनापासून वाटतं.

सी-६० हा फुलरीनच बघा, म्हणजे साठ कार्बन अणूंचा चेंडूसारखा पोकळ रेणू. दृश्य प्रकाश शोषून तो उत्तेजित होतो आणि ती ऊर्जा हवेतल्या ऑक्सिजनला देतो. त्यातून तयार होणारा सिंगलेट ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजनचं जास्त क्रियाशील रूप, अनेक सेंद्रिय रेणूंचं ऑक्सिडीकरण करतो, तेही धातूविना.

खरा प्रश्न ऊर्जेच्या दरीचा आहे, म्हणजे पदार्थातला इलेक्ट्रॉन उत्तेजित व्हायला प्रकाशातून किमान किती ऊर्जा लागते याचा. अ‍ॅनाटेज या स्फटिकरूपातल्या टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये, म्हणजे प्रकाशावर चालणाऱ्या नेहमीच्या उत्प्रेरकात, ती सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट (ऊर्जेचं एकक), त्यामुळे त्याला अतिनील किरण लागतात. सूर्यप्रकाशात ते जेमतेम चार-पाच टक्के. कार्बन आणि नायट्रोजनच्या जाळीतून बनलेल्या कार्बन नायट्राइडमध्ये ती सुमारे २.७, म्हणून निळा प्रकाशही पुरतो. आषाढात मुंबईचं आभाळ भरलेलं असलं तरी निळ्या एलईडीखाली प्रयोग चालतो. २००९ मध्ये याच पदार्थाने दृश्य प्रकाशात पाण्यातून हायड्रोजन मिळवून दाखवला. प्लॅटिनमचा अंश घातल्यावर वेग खूप वाढला, हेही सांगायला हवं.

कार्बनच्या उत्प्रेरकात धातू मुळीच नसतो, हा उलट टोकाचा दावाही तपासून घ्यावा. कार्बन नॅनोनलिका, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, बनवताना लोह, निकेल, कोबाल्ट वापरतात आणि त्यांचे कण आत उरतात. ते मोजल्याशिवाय ‘धातुविरहित’ असं लेबल लावू नये.