फोनवरही हात का हलतात?

नाशिकच्या अशोक स्तंभावर उभं राहून फोनवर कुणाला पत्ता सांगणाऱ्या माणसाकडे एकदा नीट बघा. "रविवार कारंजावरून सरळ या, होळकर पूल ओलांडा, मालेगाव स्टँड आला की उजव्या हाताला रामकुंडाकडे उतरा." 'सरळ' म्हणताना तळहात पुढे सरकतो. 'ओलांडा' म्हणताना हात हवेत कमान काढून पलीकडे टेकतो. 'उतरा'ला बोटं खाली झुकतात. ऐकणाऱ्याला यातलं काहीही दिसत नाही, हे सांगणाऱ्याला पक्कं माहीत असतं. तरी हात काही थांबत नाही.

सवयीचा भाग म्हणून हे सोडून देता आलं असतं. समोरासमोर बोलताना हात हलवायची सवय लागते, तीच फोनवर चालू राहते. पण १९९८ साली जाना आयव्हर्सन आणि सुझन गोल्डिन-मेडो या दोघींनी एक प्रयोग प्रसिद्ध केला आणि ही सोपी वाट बंद झाली. त्यांनी जन्मापासून अंध असलेल्या १२ मुलामुलींना बोलतं केलं. या मुलांनी आयुष्यात कुणाचे हातवारे पाहिलेले नव्हते. तरी एका भांड्यातलं पाणी दुसऱ्यात ओतल्याचं सांगताना त्यांचा पंजा ग्लास धरल्यासारखा गोल होऊन हवेत कलायचा, अगदी डोळस मुलांचा होतो तसाच. समोर ऐकणाराही अंध आहे हे सांगितल्यावरसुद्धा हात चालूच राहिले.

म्हणजे हातवारे बघून शिकावे लागत नाहीत आणि ते फक्त दाखवण्यासाठीही नसतात. याहून चक्रावणारं उदाहरण इयन वॉटरमन या इंग्लंडमधल्या माणसाचं आहे. वयाच्या १९व्या वर्षी एका आजारपणात मानेखालच्या शरीराची स्पर्शाची आणि स्थितीची जाणीवच गेली. स्नायू शाबूत होते, पण हात कुठे आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळेना. चालण्यापासून कप उचलण्यापर्यंत सगळं त्याने नजरेच्या आधाराने नव्याने शिकून घेतलं. डेव्हिड मॅकनील आणि सहकाऱ्यांनी त्याचे हात आडोशाखाली झाकले, तेव्हा साधं हातकामही त्याला जमेना. पण गोष्ट सांगायला लागला की तेच झाकलेले हात शब्दांच्या तालावर बिनचूक हलायचे. हातवारे आणि बोलणं एकाच ठिकाणाहून उगम पावतात, असं मॅकनील यांचं म्हणणं होतं. वॉटरमनकडे पाहिल्यावर ते नाकारणं जड जातं. शिवाय एक बारीक गोष्ट: हात बहुतेक वेळा शब्दाच्या किंचित आधी सुटतो. शब्द सापडेपर्यंत कल्पना बोटांपर्यंत पोचलेली असते.

इथे खुणा आणि हातवारे यांच्यात फरक करायला हवा. वर्गात करंगळी वर केली की बाईंना कळतं, पोराला बाहेर जायचंय. अंगठा नाचवला की ठेंगा. या खुणा समाजाने ठरवलेल्या असतात आणि बदलतातही. आजीच्या लेखी जो अंगठा म्हणजे 'जा, काही मिळणार नाही', तोच नातवाच्या मोबाइलवर 'ठीक आहे' होतो. गुरांच्या बाजारात रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायची जुनी रीत हीसुद्धा खूणच. तोंडाने पावसापाण्याच्या गप्पा चालू, आणि हाताखाली हजारांचा सौदा. खुणेला शब्दांची गरज नसते. बोलताना आपोआप होणारे हातवारे मात्र शब्दांशिवाय अर्धवट असतात. पत्ता सांगणाऱ्याचा आवाज बंद करून नुसते हात पाहिले, तर रामकुंड काही सापडायचं नाही.

भाषा बदलली की हातही बदलतात. सोतारो किता आणि आसली ओझ्युरेक यांनी इंग्रजी, जपानी आणि तुर्की बोलणाऱ्यांना एक कार्टून दाखवलं. त्यात मांजर घरंगळत उतारावरून खाली जातं. इंग्रजीत हे एका क्रियापदाच्या वाक्यात बसतं, म्हणून इंग्रजी बोलणाऱ्यांचा हात गोल फिरत फिरतच खाली यायचा. तुर्की आणि जपानीत घरंगळणं वेगळं नि खाली जाणं वेगळं सांगावं लागतं. त्यांचे हातही बऱ्याचदा दोन तुकडे करायचे: आधी जागच्या जागी गोल, मग सरळ खाली. आपणही 'धोंडा गडगडत खाली आला' असं दोन क्रियापदांत म्हणतो. ब्रह्मगिरीवरून सुटलेल्या दगडाची गोष्ट घरात कुणालातरी सांगायला लावा आणि त्याच्या हाताकडे बघा. आधी मात्र सांगू नका, नाहीतर हात अवघडतो.

आता तोंड पूर्ण बंद केलं तर? २००८ साली गोल्डिन-मेडो यांच्या गटाने इंग्रजी, स्पॅनिश, चिनी आणि तुर्की बोलणाऱ्यांना छोटे प्रसंग फक्त हातांनी सांगायला लावले. बोलताना पहिल्या तिन्ही भाषांत क्रियापद मध्ये येतं, तुर्कीत शेवटी. पण हातांनी सांगताना बहुतेक सगळ्यांनी एकच क्रम धरला: आधी करणारा, मग वस्तू, शेवटी क्रिया. बाई, नारळ, फोडते. हा तर मराठीचाच क्रम! यावरून मराठी ही जगाची आदिभाषा असल्याचं कुणी ठरवू नये. तसले शोध व्हॉट्सॲपवर पुरेसे लागतात. तुर्की, जपानी, तमिळ आणि अशा कितीतरी भाषांचा क्रम हाच आहे. महत्त्वाचं हे की बोलण्याचा आधार काढून घेतल्याबरोबर हातांनी स्वतःची रचना उभी केली.

पण रचना म्हणजे भाषा नव्हे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांना हे व्यवहारातून कळलेलं असणार. मूकपटात अभिनय कितीही ठसठशीत केला, तरी मधेमधे मजकुराच्या पाट्या दाखवाव्याच लागत. हातांची भाषा व्हायला हवी तर ती रोज वापरणारी, एकमेकांत राहणारी आणि दुसरी कुठलीच भाषा हाताशी नसलेली माणसं लागतात. निकाराग्वा देशात नेमकं हेच घडलं. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून मानाग्वा शहरात कर्णबधिर मुलं पहिल्यांदाच मोठ्या संख्येने एका शाळेत आली. शिक्षक त्यांना ओठ वाचून स्पॅनिश शिकवू पाहत होते. मुलांनी मधल्या सुट्टीत आणि बसमध्ये आपापल्या घरच्या खुणांची देवाणघेवाण करत नवीच सांकेतिक भाषा घडवली.

ॲन सेंघास यांनी किता आणि ओझ्युरेक यांच्यासोबत या मुलांना तेच घरंगळतं मांजर दाखवलं. ऐकू येणारे निकाराग्वावासी स्पॅनिश बोलता बोलता हात गोल फिरवतच खाली आणायचे, दोन्ही गोष्टी एकदम. पहिल्या पिढीतल्या कर्णबधिरांचंही बरंचसं तसंच. पण पुढच्या पिढ्यांमधल्या, लहानपणी ही भाषा शिकलेल्या मुलांनी प्रसंग फोडला: 'गडगडणं' ही एक खूण, 'खाली' ही दुसरी, आणि मग दोन्ही एकापुढे एक. हात चित्र काढायचे ते शब्द जुळवू लागले. प्रसंगाचे सुटे भाग पाडून ते पुन्हा हवे तसे जोडता येणं, यालाच आपण भाषा म्हणतो. ती जन्माला येताना, कॅमेऱ्यासमोर, पोरांच्या हातांत दिसली. भाषाविज्ञानात यापेक्षा थरारक दुसरं काही मला तरी माहीत नाही.

प्राण्यांचं काय? नाशिकमध्ये द्राक्षबागांच्या आसपास किंवा उंच टाक्यांखाली आग्या माश्यांचं पोळं लटकताना दिसतं. त्यावर माश्या नाचतात. उभ्या पोळ्यावर सरळ वर नाचणं म्हणजे सूर्याच्या दिशेने जा. जितका कोन कललेला, तितकं सूर्यापासून बाजूला. थरथरत चालण्याचा टप्पा जितका लांब, तितका फुलोरा दूर. कार्ल फॉन फ्रिश यांना या उलगड्याच्या कामासाठी १९७३ साली नोबेल मिळालं. छोटी फुलोरी माशी तर फांदीवरच्या पोळ्याच्या सपाट माथ्यावर नाचते आणि थेट फुलांच्याच दिशेला तोंड करते. बोट दाखवण्याच्या इतकं जवळ जाणारं कीटकांत दुसरं सापडणं कठीण. तरी शास्त्रज्ञ याला हातवाऱ्यांच्या रांगेत बसवत नाहीत. खरा इशारा करणारा प्राणी आधी समोरच्याचं लक्ष आहे का बघतो, इशारा करून थांबतो, काम झालं नाही तर पुन्हा करतो किंवा दुसरी युक्ती काढतो.

चिंपांझी हे सगळं करतात. युगांडातल्या बुडोंगो जंगलात कॅथरीन होबेटर आणि रिचर्ड बर्न यांनी त्यांचे ६६ इशारे आणि त्यांमागचे १९ हेतू नोंदवले. मोठ्याने अंग खाजवणं म्हणजे 'माझ्या केसांतल्या उवा बघ'. पान दातांनी टरकावणं म्हणजे प्रणयाचं आमंत्रण. २०२३ साली साडेपाच हजारांहून जास्त लोकांना चिंपांझीसारख्या महावानरांच्या अशा इशाऱ्यांचे व्हिडिओ दाखवून चार पर्यायांतून अर्थ निवडायला सांगितलं, तर निम्म्याहून अधिक वेळा उत्तर बरोबर आलं. नुसत्या अंदाजाने ते चारात एकदाच यायला हवं होतं. आपण ही खूणभाषा पूर्णपणे विसरलेलो नाही, असं दिसतं.

आवाज आणि हात एकत्र वापरणंही फक्त आपली मक्तेदारी नाही. कर्नाटकातल्या बंदीपूरमध्ये अनिंद्य सिन्हा आणि सहकाऱ्यांनी पाहिलेली टोपीवाली माकडं पर्यटकाकडे बघत 'कू' असा आवाज काढतात आणि हात पुढे पसरतात. खाऊ मिळाला की दोन्ही थांबतं. सप्तशृंगी गडाच्या वाटेवर माकडाने पिशवी हिसकावलेल्यांना ही सभ्यता परकी वाटेल. भटकी कुत्री तर उलट बाजूने, म्हणजे आपले इशारे वाचण्यात, पटाईत. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या अनिंदिता भद्रा यांच्या गटाने भारतातल्या शहरांत १६० भटक्या कुत्र्यांसमोर दोन झाकलेली भांडी ठेवून त्यांपैकी एकाकडे बोट केलं. बरीच कुत्री घाबरून पुढे आलीच नाहीत. आली त्यांच्यापैकी साधारण ८० टक्के बोटाच्या दिशेने गेली. त्यांना कुणीही शिकवलेलं नव्हतं.

तरी एक फट उरते. महावानरांचे इशारे जवळपास सगळे मागण्याचे: दे, थांब, ये, खाजव. वर्षाचं माणसाचं मूल मात्र गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, उडालेल्या कबुतरांकडे बोट करतं आणि वळून आईच्या तोंडाकडे बघतं. त्याला कबूतर नको असतं. आईनेही ते पाहावं, एवढंच हवं असतं. असं नुसतं 'बघ' म्हणणारं बोट रानातल्या चिंपांझींमध्ये फार विरळा. पुढे कपकडे बोट करून तोंडाने 'आई' म्हणणं सुरू होतं, म्हणजे 'आईचा कप'. असं हात आणि शब्द मिळून केलेलं वाक्य आलं, की थोड्या महिन्यांत दोन शब्दांचं वाक्य येतं.

आणि मग पोर शाळेत जातं. तिथे पहिली शिस्त 'हाताची घडी, तोंडावर बोट'. गणिताच्या वर्गात तरी ही घडी महागात पडते. ३ + ४ + ५ = __ + ५ असं उदाहरण दिलं की बरीच मुलं सगळे आकडे मिळवून १७ लिहितात. त्यांतल्या काहींचं तोंड 'सगळे मिळवले' म्हणत असतं, पण हात एकदा डाव्या बाजूखालून आणि एकदा उजव्या बाजूखालून फिरत असतो. दोन्ही बाजू सारख्या हव्यात हे हाताला कळू लागलेलं असतं, तोंडाला नाही. गोल्डिन-मेडो यांना आढळलं, की शिकवल्यावर हीच मुलं लवकर पुढे जातात. पुढे त्यांच्या गटाने मुलांना मुद्दाम असा हात फिरवत उदाहरणं सोडवायला लावली. नुसतं वाक्य पाठ म्हणत शिकलेल्या मुलांपेक्षा, हात फिरवत शिकलेल्यांच्या डोक्यात ती रीत चार आठवड्यांनंतरही जास्त टिकलेली होती.