दुसऱ्या बाळाआधी पहिल्याची फाइल काढा

दुसऱ्यांदा गोड बातमी कळली की पुण्यातल्या घरांत तयारीला वेळ लागत नाही. माळ्यावरचा पाळणा खाली येतो, झबली-टोपडी धुऊन ठेवली जातात, राहिलेलं तुळशीबागेतून येतं. मग थोरल्याची समजूत: "तू आता दादा होणार हं!" त्याला मत्सर वाटेल का, यावर आजीपासून समुपदेशकापर्यंत सगळे बोलतात. थोरल्याच्या रक्ताचा धाकट्याला त्रास होऊ शकतो, हे मात्र फारसं कुणी बोलत नाही. रक्तगटाचा विषय निघतोच तर पत्रिका जुळवताना. "एकनाड म्हणजे आपल्या पूर्वजांना कळलेला रक्तगटाचा दोष," हे वाक्य शिकलेल्या माणसांच्या तोंडी अजून ऐकू येतं.

साधा हिशेब करू. नाड्या तीन, 27 नक्षत्रं त्यांत नऊ-नऊ वाटलेली. म्हणजे कुठल्याही दोघांची नाड एक येण्याची शक्यता साधारण तीनात एक. खरी काळजीची जोडी वेगळीच: आई आरएच निगेटिव्ह, वडील पॉझिटिव्ह. भारतात निगेटिव्ह माणसं शंभरात पाचेक, त्यामुळे अशी जोडपीही तेवढीच. जन्मनक्षत्राचा रक्तगटाशी सुतराम संबंध नाही. नवरा-बायकोचा गट एकच असला की मुलात व्यंग येतं, हीही भीती खोटी. उलट दोघंही निगेटिव्ह असतील तर हा प्रश्नच मिटतो.

आता मूळ गोष्ट. तांबड्या पेशींवर 'डी' नावाचं प्रथिन असलं की आपण पॉझिटिव्ह, नसलं की निगेटिव्ह. निगेटिव्ह आईच्या पोटात पॉझिटिव्ह बाळ वाढत असलं तरी वारेमुळे दोघांचं रक्त वेगळं राहतं. बाळंतपणात वार सुटताना मात्र बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात शिरतं. आईच्या शरीराला 'डी' परका, म्हणून ते त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे परक्याला हेरून त्याच्याशी लढणारी प्रथिनं, तयार करू लागतं. त्याला काही आठवडे लागतात, आणि बाळ तर केव्हाच बाहेर आलेलं असतं. म्हणून पहिलं बहुधा सुखरूप सुटतं आणि "पहिल्या वेळी काही झालं नाही, आता कशाला तपासण्या?" हा युक्तिवाद इथे नेमका उलटा पडतो.

कारण शरीर 'डी' लक्षात ठेवतं. सुरुवातीची प्रतिपिंडं आयजीएम जातीची, पाच एककं जोडलेली. ती वार ओलांडू शकत नाहीत. दुसऱ्या खेपेला बाळाच्या रक्ताचा अंशही पुरतो आणि भराभर आयजीजी हे दुसऱ्या जातीचं प्रतिपिंड तयार होतं. ते आकाराने लहान आहे, पण गाळणीतून पाणी झिरपावं तसं ते पलीकडे जात नाही. त्याला उचलून नेलं जातं. वारेच्या पेशी आईच्या रक्तद्रवाचे सूक्ष्म थेंब गिळतात. त्या थेंबाभोवतीची पिशवी आतून आम्लधर्मी होते. तिच्या भिंतीवर एफसीआरएन नावाचा ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे ठरावीक रेणू पकडणारं प्रथिन, असतो. आम्लात तो आयजीजीची शेपटी घट्ट धरतो. बाकीची बहुतेक प्रथिनं तिथेच पचून जातात. पिशवी बाळाच्या बाजूला उघडते, तिथे आम्लपणा नसतो (पीएच सुमारे 7.4), आणि पकड सुटते. किती देखणी रचना! गरोदरपणात आईला दिलेल्या धनुर्वाताच्या लशीचं संरक्षण बाळाला याच वाटेने मिळतं. पण ग्राहक फक्त शेपटी पाहतो. ते प्रतिपिंड धनुर्वाताच्या विषाविरुद्ध आहे की बाळाच्याच रक्ताविरुद्ध, हे त्याला कळण्याची सोय नाही.

मग बाळाच्या तांबड्या पेशी फुटू लागतात, रक्त कमी होतं. फुटलेल्या पेशींतून होणारं बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य, बाळ पोटात असेतो, आई निस्तरते. जन्मानंतर ते बाळाच्या अपुऱ्या यकृतावर येतं. फार वाढलं तर मेंदूला कायमची इजा. पहिल्या 24 तासांत दिसलेली कावीळ म्हणूनच गॅलरीतल्या कोवळ्या उन्हावर सोपवायची नसते.

उपाय निसर्गानेच सुचवला होता. आई 'ओ' गटाची आणि बाळ 'ए' किंवा 'बी' असलं की आरएचचा त्रास कमी दिसे, कारण आईच्या रक्तात 'ए'-'बी'विरुद्ध आधीच असलेली प्रतिपिंडं शिरलेल्या पेशींचा लगेच फडशा पाडत. मग 'डी'विरुद्धची तयार प्रतिपिंडंच टोचली तर? लिव्हरपूल आणि न्यूयॉर्कच्या संशोधकांनी 1960च्या दशकात हे करून पाहिलं. न्यूयॉर्कवाल्यांचे स्वयंसेवक सिंग सिंग तुरुंगातले कैदी होते. 1968 साली अमेरिकेत हे इंजेक्शन अधिकृत झालं. हेच अँटी-डी. 28व्या आठवड्याच्या सुमारास, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर जन्मानंतर 72 तासांच्या आत 300 मायक्रोग्रॅम, असा आपल्याकडचा प्रघात. ते माणसांच्या प्लाझ्मातून मिळवतात. ऑस्ट्रेलियाचे जेम्स हॅरिसन यांनी 2018 पर्यंत 1173 वेळा दान केलं, त्यातलं बहुतेक यासाठीच.

तेव्हा आई निगेटिव्ह असेल तर पाळण्याबरोबर जुनी फाइलही काढा. थोरल्याचा रक्तगट काय, अँटी-डी दिलं होतं का, कधी दिलं, हे बघा आणि पहिल्याच भेटीत आयसीटी तपासणीबद्दल, म्हणजे आईच्या रक्तात अशी प्रतिपिंडं आहेत का हे बघणाऱ्या चाचणीबद्दल, विचारा. प्रतिपिंडं आधीच तयार झाली असतील तर अँटी-डीचा उपयोग उरत नाही. मग त्यांचं प्रमाण आणि बाळाच्या रक्तप्रवाहाचा वेग दाखवणारी डॉपलर सोनोग्राफी यांवर लक्ष ठेवतात, गरज पडल्यास बाळाला गर्भातच रक्त देतात. आणखी एक. मधे गर्भपात झाला असेल, आपोआप किंवा करवून घेतलेला, तर त्यानेही शरीर 'डी' ओळखायला शिकलेलं असू शकतं. घरच्यांसाठी हे दुसरं बाळ असेल, डॉक्टरांच्या दृष्टीने ही तिसरी खेप आहे. सासूबाई शेजारच्या खुर्चीत असताना ते सांगवत नसेल, तर तपासणीच्या टेबलावर एकटी असताना सांगा.