केस कॉन्फरन्समध्ये आईवडिलांना खुर्ची कशी मिळाली

इंग्लंडमध्ये एखाद्या मुलाला घरात गंभीर इजा होते आहे, किंवा होण्याचा धोका आहे, असं चौकशीत दिसलं की एक बैठक बोलावली जाते. सोशल वर्कर, शाळेचं कुणीतरी, डॉक्टर किंवा हेल्थ व्हिजिटर (लहान मुलांच्या घरी जाणारी परिचारिका), पोलीस आणि त्या मुलाचे आईवडील एकत्र बसतात. तिचं आजचं नाव चाइल्ड प्रोटेक्शन कॉन्फरन्स. पूर्वीपासून रुळलेलं नाव केस कॉन्फरन्स. आईवडिलांचं तिथे असणं आज कुणाला खटकत नाही. सुरुवातीची कित्येक वर्षं मात्र त्यांच्याविषयीची बैठक बहुधा त्यांच्याशिवायच होत असे.

ही पद्धत देशभर पसरली ती मारिया कोलवेल या मुलीच्या मृत्यूनंतर. मारिया लहानपणापासून आत्याकडे वाढली होती. 1971 मध्ये तिला आईकडे परत पाठवण्यात आलं, आणि जानेवारी 1973 मध्ये ब्रायटनमध्ये सावत्र बापाच्या मारहाणीत ती गेली. तेव्हा ती आठ वर्षांचीही नव्हती. शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या होत्या, शिक्षकांना काळजी वाटत होती, सोशल वर्कर घरी जात होते. प्रत्येकाकडे थोडी थोडी माहिती होती. ती एकत्र मांडायला जागाच नव्हती. सार्वजनिक चौकशीत हे सगळं बाहेर आलं आणि लोक हादरले. चौकशीचा अहवाल यायच्या आधीच, एप्रिल 1974 मध्ये, सरकारने परिपत्रक काढलं: प्रत्येक भागात आढावा समिती असावी, संशयित प्रकरणात केस कॉन्फरन्स घ्यावी, धोक्यातल्या मुलांची नोंद ठेवावी. काही ठिकाणी अशा बैठका आधीही होत, पण आता तो नियम झाला. पोलिसांनाही बैठकीत घ्यावं, हे 1976 मध्ये वेगळं सांगावं लागलं.

ही बैठक व्यावसायिकांची होती. आईवडील समोर असले तर कुणी मोकळेपणाने बोलणार नाही, ही भीती खोटी नव्हती. पण बंद दाराआडच्या बैठकीतून निघालेला निर्णय त्या घराला फक्त कळवला जाई. आपल्याविषयी काय बोललं गेलं, कोणत्या पुराव्यावर बोललं गेलं, हे समजायला त्यांना फारसा मार्ग नव्हता.

हे चित्र बदलायला क्लीव्हलंड कारणीभूत ठरलं. 1987 मध्ये ईशान्य इंग्लंडच्या या परगण्यात काही महिन्यांत 121 मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याचं निदान दोन बालरोगतज्ज्ञांनी केलं. अनेक मुलांना घरातून हलवण्यात आलं. पुढे त्यांतली बहुसंख्य मुलं घरी परतली. न्यायमूर्ती एलिझाबेथ बटलर-स्लॉस यांचा 1988 चा अहवाल मी या साऱ्या इतिहासातला सर्वांत माणुसकीचा कागद मानतो. मूल म्हणजे काळजी करण्याची एखादी वस्तू नव्हे, ते एक माणूस आहे, असं त्यात बजावलं आहे. मुलाच्या हिताला बाध येणार नसेल तर आईवडिलांना कॉन्फरन्सला बोलवावं, हेही त्यातच आहे. त्यानंतर 1989 चा बालक कायदा आला, आणि 1991 च्या सरकारी मार्गदर्शिकेने त्यांची उपस्थिती हाच सर्वसाधारण नियम ठरवला.

आजची रीत अशी. पोलीस, आरोग्य खातं आणि सोशल वर्कर यांची आधी तातडीची चर्चा होते. तिच्यापासून कामकाजाच्या 15 दिवसांत पहिली कॉन्फरन्स घ्यावी लागते. अध्यक्ष त्या प्रकरणाच्या रोजच्या कामापासून आणि वरिष्ठांच्या साखळीपासून अलिप्त असतो. मुलाच्या संरक्षणाची योजना ठरली तर ती शारीरिक, भावनिक, लैंगिक अत्याचार किंवा हेळसांड यांपैकी कोणत्या कारणाखाली, हे नोंदवतात. ती योजना राबवणाऱ्या मोजक्या लोकांचा कोअर ग्रुप दहा कामकाजी दिवसांत भेटतो. पहिला आढावा तीन महिन्यांच्या आत, पुढचे जास्तीत जास्त सहा महिन्यांनी. धोक्यातल्या मुलांची नोंद ठेवणारं जुनं रजिस्टर 2008 मध्ये बंद झालं. लंडनमध्ये 2000 साली मारल्या गेलेल्या आठ वर्षांच्या व्हिक्टोरिया क्लिंबीच्या चौकशीत लॉर्ड लॅमिंग यांनी ते रद्द करावं असं सुचवलं होतं.

तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. आपल्याकडच्या बालकल्याण समितीला दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. कॉन्फरन्सला तसे नसतात. ती मुलाला घरातून काढू शकत नाही, त्यासाठी एरवी कोर्टात जावं लागतं. पत्र आलं म्हणून हातपाय गाळू नयेत, आणि जायचं टाळूही नये. इंग्रजी अडत असेल तर दुभाषा मागावा. घरातल्या मुलाला किंवा नातेवाइकाला ते काम देऊ नये.

खुर्ची मिळाली म्हणजे ऐकलं गेलं, असं मात्र नाही. अनोळखी अधिकाऱ्यांसमोर आपल्याच घराविषयीचा अहवाल वाचला जात असताना बोलणं सोपं नसतं. म्हणून तो आधी दाखवणं हे माझ्या मते सौजन्य नाही, कर्तव्य आहे. शिवाय खुर्ची प्रामुख्याने आईवडिलांना मिळाली, इतर नातेवाइकांचं ऐकलं जाईलच असं नाही. 2020 मध्ये आर्थर लाबिंजो-ह्यूज आणि स्टार हॉब्सन ही दोन मुलं घरातच मारली गेली. दोघांच्याही नातेवाइकांनी आधी धोक्याची सूचना दिली होती. तिला पुरेसं वजन दिलं गेलं नाही, असं 2022 च्या राष्ट्रीय आढाव्यात दिसलं. प्रत्येक भागात पोलीस, आरोग्य आणि सोशल वर्कर यांचं कायमचं एकत्रित पथक असावं, अशी शिफारस त्या आढाव्याने केली.