नीलेश कुलकर्णी

नीलेश मोरेश्वर कुलकर्णी (जन्म : ३ एप्रिल १९७३, डोंबिवली) हा मुंबईचा डावखुरा फिरकी गोलंदाज. भारताकडून तो १९९७ ते २००१ या काळात अवघे तीन कसोटी सामने खेळला. कसोटी कारकिर्दीतल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर बळी घेणारा तो पहिला भारतीय. त्याच्या नावावर एकूण कसोटी बळी मात्र दोनच आहेत, तेही प्रत्येकी १६६ धावांच्या सरासरीने.

कसोटी पदार्पण ऑगस्ट १९९७ मध्ये कोलंबोच्या प्रेमदासा मैदानावर झाले. सचिन तेंडुलकरच्या नेतृत्वाखालील भारताने ८ बाद ५३७ वर डाव घोषित केला होता. दुसऱ्या दिवसाच्या अखेरीस कुलकर्णीच्या हाती चेंडू आला आणि पहिल्याच चेंडूवर मर्वन अटापट्टू यष्टीरक्षक नयन मोंगियाकडे झेल देऊन परतला. श्रीलंका १ बाद ३९. उंचापुरा, हाताच्या उंचीचा फायदा घेणारा नवा फिरकीपटू, समोर धावांचा डोंगर. याहून चांगली सुरुवात कोणाला मिळणार? पण त्यानंतर सनथ जयसूर्या आणि रोशन महानामा यांनी तिसरा आणि चौथा हे दोन्ही दिवस पूर्ण खेळून काढले. पाचव्या दिवशी ६१५ धावसंख्येवर दोघेही बाद झाले, तोवर त्यांची भागीदारी ५७६ धावांची झाली होती. जयसूर्या ३४०, महानामा २२५. श्रीलंकेने ६ बाद ९५२ वर डाव घोषित केला. कसोटीतल्या एका डावातली ही आजही सर्वोच्च धावसंख्या आहे. सामना अर्थातच अनिर्णित राहिला.

त्या डावात कुलकर्णीच्या गोलंदाजीचे पृथक्करण होते ७० षटके, १२ निर्धाव, १९५ धावा, १ बळी. हे आकडे नेहमी फजितीसारखे सांगितले जातात, ते अन्यायाचे आहे. त्याच डावात अनिल कुंबळेने ७२ षटकांत २२३, तर राजेश चौहानने ७८ षटकांत २७६ धावा दिल्या आणि दोघांनाही एकेकच बळी मिळाला. षटकामागे तीनपेक्षा कमी धावा देणारा या तिघांत नवखा कुलकर्णीच होता. खेळपट्टी इतकी पाटा, म्हणजे गोलंदाजांना काहीच मदत न करणारी होती, की तिच्यावरून एखाद्या फिरकी गोलंदाजाची पारख करणेच चुकीचे.

शेवटची कसोटी मार्च २००१ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध चेन्नईत. दुखापतीमुळे कुंबळे मालिकेबाहेर होता. हरभजनसिंगने त्या सामन्यात १५ बळी घेतले आणि भारताने दोन गडी राखून तो सामना आणि त्यासोबत मालिका जिंकली. कुलकर्णीला कसोटी संघात पुन्हा जागा मिळाली नाही. एकदिवसीय सामन्यांत त्याची कामगिरी बरी होती : १० सामन्यांत ११ बळी.

प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये तो मुंबईच्या फिरकीचा अनेक वर्षे आधार होता आणि तिथे त्याने साडेतीनशेहून अधिक बळी घेतले. त्याची योग्यता मोजायची तर ती या आकड्यावरून. निवृत्तीनंतर २०१० मध्ये त्याने मुंबईत क्रीडा व्यवस्थापनाचे शिक्षण देणारी संस्था सुरू केली.