फ्रीहोल्ड आणि लीजहोल्ड: दुबईतलं घर घेण्याआधी कागदावर काय वाचायचं

गेल्या दिवाळीत अमळनेरला मामांच्या ओसरीवर दुबईच्या फ्लॅटचा विषय निघाला. मामांचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, बारा वर्षं तिकडे नोकरीला आहे. त्याने दोन फ्लॅटची माहिती मोबाइलवर पाठवली होती. दोन्ही एक बेडरूमचे, क्षेत्रफळही जवळपास सारखंच, पण एकाची किंमत दुसऱ्यापेक्षा चांगलीच कमी. मामांचा कल अर्थातच स्वस्ताकडे. आजी इतका वेळ कापसाच्या वाती वळत बसली होती. मान वर न करता तिने विचारलं, "हाई घर आपलं व्हई, का पट्टावर शे?"

माहितीपत्रकात दरवाजाच्या मुठीचा रंगसुद्धा लिहिला होता. आजीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र शेवटच्या पानावर बारीक अक्षरात, एका शब्दात होतं: लीजहोल्ड. महागाच्या कागदावर त्याच जागी फ्रीहोल्ड होतं.

फ्रीहोल्ड म्हणजे कायमची मालकी. विका, भाड्याने द्या, मुलाबाळांना ठेवा. लीजहोल्ड म्हणजे ठरावीक वर्षांचा पट्टा. तेवढी वर्षं वापर तुमचा, मालकी दुसऱ्याची, आणि मुदत संपली की करारात वेगळं काही नसेल तर घर मूळ मालकाकडे परत. दोन्ही व्यवहारांत रक्कम मोठी, दोन्हींत नोंदणी, दोन्हींत हातात किल्ली. म्हणून तर गल्लत होते.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर लोक पटकन सातबाऱ्यावरच्या भोगवटादार वर्ग १ आणि वर्ग २ कडे बोट दाखवतात. ते मला अर्धंच पटतं. वर्ग २ च्या जमिनीला विक्रीसाठी परवानगी लागते, नजराणा भरावा लागतो, पण तिचं घड्याळ चालू नसतं. लीजहोल्डला जवळचं उदाहरण आहे जळगाव महापालिकेच्या व्यापारी संकुलांतल्या गाळ्यांचं. वर्षानुवर्षं धंदा केलेल्या, बापाने बसवलेली गादी मुलगा चालवतोय अशा गाळ्यांच्या कराराची मुदत २०१२ साली संपली, आणि पुढे भाडं किती, नूतनीकरण कसं, यावरून वाद वर्षानुवर्षं चालला. गिऱ्हाइकाला ते दुकान मालकाचंच वाटत होतं. कागदाला तसं वाटत नव्हतं.

दुबईत परदेशी माणसाला शहरभर कुठेही घर घेता येत नाही. २००६ च्या कायदा क्रमांक ७ नुसार ठरवून दिलेल्या भागांतच त्याला घेता येतं, आणि तिथेही दोन वाटा आहेत: बिनमुदतीची मालकी, किंवा जास्तीत जास्त ९९ वर्षांचा पट्टा वा भोगाधिकार (मालकी नसताना वापरायचा हक्क). शेजारच्या अबुधाबीत गुंतवणुकीच्या ठरावीक भागांत परदेशी माणसाला पूर्ण मालकीची वाट २०१९ च्या दुरुस्तीने मोकळी झाली. त्यामुळे "दुबईत चालतं म्हणजे तिकडे सगळीकडे चालतं" असं धरून चालू नका. थायलंडमध्ये तर परदेशी माणसाच्या नावावर सहसा जमीन होतच नाही. कॉन्डो, म्हणजे इमारतीतला फ्लॅट, घेता येतो, तोही सगळ्या परदेशी मालकांचं मिळून इमारतीच्या एकूण विक्रीयोग्य क्षेत्रापैकी ४९ टक्क्यांच्या मर्यादेत.

आता मामांच्या स्वस्त फ्लॅटकडे वळू. एजंट म्हणत होता, "नव्व्याण्णव वर्षांचा आहे." कागद मोठा करून पाहिला तर पट्टा सुरू झाल्याचं साल होतं २००६. म्हणजे २०२६ मध्ये घेतला तर हातात ७९ वर्षं. घड्याळ पट्ट्याच्या तारखेपासून चालतं, तुम्ही पैसे भरल्यापासून नव्हे. दादाने वीस वर्षांनी विकायला काढला तर घेणाऱ्याला ५९ वर्षंच मिळणार, आणि तो त्याच हिशेबाने भाव पाडणार. इंग्लंडमध्ये फ्लॅट बहुतेक लीजहोल्डच असतात आणि तिथे याचा अनुभव जुना आहे: पट्टा ८० वर्षांच्या खाली घसरला की मुदतवाढ महाग पडत आली आहे, आणि फार थोडी वर्षं उरली की बँकाही कर्ज द्यायला कचरतात. पण तिथेच ९९९ वर्षांचे पट्टेही असतात, ते व्यवहारात मालकीच्या जवळ जातात. म्हणून लीजहोल्ड म्हणजे वाईटच, असं मी म्हणणार नाही. उरलेली वर्षं किती आणि भाव त्या मानाने आहे का, एवढं पाहा. दहा-पंधरा वर्षं राहून परत यायचं असेल तर स्वस्त पट्टा परवडूही शकतो. नातवाला ठेवायचं म्हणून घेत असाल तर नाही.

फ्रीहोल्ड घेतलं म्हणजे पुढे खर्च नाही, हाही गैरसमज आहे. इमारतीच्या देखभालीचं शुल्क दरवर्षी चौरस फुटाप्रमाणे द्यावंच लागतं. विक्रीच्या नोंदणीला दुबईच्या भूमी विभागाचं ४ टक्के शुल्क आहे.

मामांना यात स्वतःची मुदत ठेव मोडून पैसे घालायचे होते, तेही बापलेकाच्या जोडनावाने. भारतात राहणाऱ्याला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली (एलआरएस) एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बँकेतूनच पाठवता येते. वर्षात १० लाख रुपयांच्या वर गेलं की बँक वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर, कापते. तो विवरणपत्र भरताना करात वळता होतो, पण तोवर तेवढी रोकड अडकते. हवाल्याने पाठवायचा सल्ला कोणी दिला तर तिथेच हात जोडा. फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यात, गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे.

आणि "पट्टाच तर आहे, मालमत्ता कुठे?" ही पळवाट इथे चालत नाही. भारतीयांच्या परदेशातल्या गुंतवणुकीसाठीच्या २०२२ च्या नियमांत सूट आहे ती पाच वर्षांपर्यंतच्या पट्ट्याला. त्याहून लांब पट्टा मालमत्तेतच मोजला जातो. तेव्हा मामांनी दोन्हींपैकी काहीही घेतलं तरी दरवर्षी विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात नोंद करावी लागणार, उत्पन्न करपात्र नसलं तरी. नोंद राहिली तर काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो.

त्या रात्री मामांनी स्पीकरवर फोन लावला. एजंट समुद्राच्या देखाव्याबद्दल सांगत होता. मामांनी त्याला मध्येच थांबवून विचारलं, "साहेब, ते राहू द्या. पट्टा मूळ कोणाकडून, मुदतवाढीचं कलम कितवं, आणि वारसाला किती वर्षं?" पलीकडे थोडा वेळ शांतता. "कागद उद्या पाठवतो," तो म्हणाला. आजीने वातींचा डबा बंद केला आणि दादाला सांगितलं, कागद येईपर्यंत बयाणा देऊ नको.