देवयानी जवळ का येते आहे?

1912 साली अमेरिकेतल्या लोवेल वेधशाळेत वेस्टो स्लायफर यांनी देवयानी (अँड्रोमेडा) या आपल्या शेजारच्या दीर्घिकेच्या, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहाच्या, अंधूक प्रकाशाचा वर्णपट (रंगांचा पट्टा) घेतला. त्यातल्या रेषा निळ्या टोकाकडे सरकलेल्या होत्या; प्रकाश देणारी वस्तू जवळ येत असली, की असं होतं. म्हणजे देवयानी सेकंदाला सुमारे 300 किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत होती. दीर्घिकेचा वेग मोजला जाण्याची ती पहिलीच वेळ, आणि नेमकी हीच जवळ येणारी निघाली! 1917 पर्यंत त्यांनी 25 सर्पिलांचे (सर्पिल आकाराच्या दीर्घिकांचे) वेग मोजले. त्यांतली 21 दूर पळत होती.

पुढे खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी 1929 मध्ये दाखवलं, की दीर्घिका जितकी लांब तितका तिचा दूर जाण्याचा वेग जास्त. दर 32.6 लाख प्रकाशवर्षांमागे हा वेग सेकंदाला साधारण 70 किलोमीटरने वाढतो. देवयानी आहे अवघ्या 25 लाख प्रकाशवर्षांवर. तिच्या वाट्याला जेमतेम 55 किलोमीटर येतात, आणि एवढ्या कमी वेगावर गुरुत्वाकर्षणाची ओढ मात करू शकते.

मला सर्वांत विलक्षण वाटतं ते हे, की देवयानीही एके काळी दूरच जात होती. वर फेकलेला चेंडू मंदावतो, क्षणभर थांबतो आणि परत फिरतो, तसं देवयानी आणि आपली आकाशगंगा या दोन्ही दीर्घिकांच्या परस्पर ओढीने तिला परत फिरवलं. विश्वाच्या वयाएवढ्या काळात तिला परतवायला किती वस्तुमान लागेल, याचं गणित कान आणि वोल्टयर या खगोलशास्त्रज्ञांनी 1959 मध्ये मांडलं. ते दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वस्तुमानापेक्षा कितीतरी जास्त भरलं. कृष्णद्रव्याची, म्हणजे न दिसणाऱ्या पण ओढ लावणाऱ्या द्रव्याची, चाहूल अशीही लागली होती.

मात्र त्या 300 मधला मोठा वाटा आपल्या सूर्याचा आहे. आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरताना तो सध्या साधारण त्याच दिशेने चालला आहे. तो वाटा वजा केला, की दोन दीर्घिकांचा जवळ येण्याचा वेग उरतो सुमारे 110 किलोमीटर.

कन्या गुच्छ या दीर्घिकांच्या समूहातली एम 90 ही दीर्घिकाही जवळ येताना दिसते, पण तिची गोष्ट वेगळी. हा गुच्छ पाच कोटी प्रकाशवर्षांहून लांब आहे आणि एकूण गुच्छ सेकंदाला हजारेक किलोमीटरने दूर जातो आहे. पण त्याच्या प्रचंड ओढीत काही दीर्घिका त्याहूनही वेगाने आत-बाहेर करतात. त्यांतल्या सध्या आपल्या दिशेने झेपावणाऱ्या तेवढ्या जवळ येताना दिसतात. त्या आपल्यापर्यंत पोचणार नाहीत. गुच्छच त्यांना मागे ओढेल.

शंभर कोटी प्रकाशवर्षांवर मात्र विश्वाच्या प्रसरणामुळे दूर जाण्याचा वेग सेकंदाला एकवीस हजार किलोमीटरच्या घरात जातो. कुठल्याही गुच्छातली धावपळ त्याला पुरी पडत नाही, म्हणून तिथे जवळ येणारी दीर्घिका सापडतच नाही.